ब्रेस्ट, चेस्ट, मॅमो, मास्टो : रिपोर्टमधली इंग्रजी कशी वाचायची

‘छातीत गाठ लागतेय’ असं ओपीडीच्या काउंटरवर सांगितलं आणि पलीकडच्या माणसाने घाईत ‘चेस्ट’ लिहिलं, की केसपेपर फुप्फुसांच्या डॉक्टरांकडे जातो. ‘छातीत दुखतंय’ म्हटलं तर आधी ईसीजी होतो. मराठीत छाती एकच. बरगड्या, फुप्फुसं, हृदय आणि स्तन, सगळं तिच्यातच मोडतं, आणि ‘स्तन’ हा शब्द चारचौघांत तोंडावर येत नाही म्हणून बहुतेक बायका छातीवरच भागवतात. हॉस्पिटलच्या इंग्रजीत मात्र चेस्ट आणि ब्रेस्ट ही दोन वेगळी खाती आहेत. डॉक्टर वेगळे, तपासण्या वेगळ्या, बऱ्याचदा मजलाही वेगळा. ठाणे असो की वाशी, पाटीवर ‘चेस्ट फिजिशियन’ लिहिलेले डॉक्टर दमा, टीबी, न्यूमोनिया बघतात. स्तनातल्या गाठीसाठी जनरल सर्जन किंवा ब्रेस्ट सर्जन गाठायचे. काउंटरवर ‘ब्रेस्टमध्ये गाठ आहे’ एवढं सांगितलं तरी एक फेरी वाचते.

इंग्रजीतले डॉक्टरी शब्द लांबलचक दिसतात, पण त्यांची मुळं मोजकीच आहेत. लॅटिनमध्ये स्तनाला ‘मामा’, त्यावरून मॅमोग्राफी, मॅमरी ग्लँड, इन्फ्रामॅमरी फोल्ड म्हणजे स्तनाखालची घडी. ग्रीकमध्ये ‘मास्टोस’, त्यावरून मास्टायटिस म्हणजे स्तनाचा दाह, मास्टाल्जिया म्हणजे स्तनातलं दुखणं, मास्टेक्टॉमी म्हणजे स्तन काढण्याची शस्त्रक्रिया. गायनेकोमास्टिया म्हणजे पुरुषाच्या छातीत स्तनासारखी ग्रंथी वाढणं. वयात येणाऱ्या मुलांमध्ये ती सर्रास दिसते आणि बहुधा आपोआप ओसरते. छातीच्या पिंजऱ्याला ‘थोरॅक्स’, त्यावरून थोरॅसिक सर्जन. स्तनामागच्या स्नायूला पेक्टोरल, मधल्या सपाट हाडाला स्टर्नम, बोली इंग्रजीत ब्रेस्टबोन. या ब्रेस्टबोनचा स्तनाशी काही संबंध नाही. बरगडी आणि स्टर्नम जिथे कुर्चेने जोडलेले असतात तिथे सूज आली की कॉस्टोकॉन्ड्रायटिस होतो. हे दुखणं नेमकं स्तनाच्या आतल्या कडेला जाणवतं आणि बाई ब्रेस्ट क्लिनिकला पोचते. बोटाने बरगडीवर दाबल्यावर तिथेच कळ येत असेल, तर दुखणं स्तनाचं नसून बरगडीचं असण्याची शक्यता जास्त.

छातीचा एक्स-रे, म्हणजे ‘एक्स-रे चेस्ट, पीए व्ह्यू’, स्तनाच्या तपासणीसाठी नसतो. पीए म्हणजे किरण पाठीकडून शिरून पुढे बाहेर पडतात, एवढंच. ‘सीपी अँगल्स क्लिअर’ म्हणजे फुप्फुसाच्या तळाशी, बरगड्यांच्या कोपऱ्यात पाणी साठलेलं नाही. तरी स्तन या एक्स-रेत डोकावतोच. कधी निपलची सावली फुप्फुसावर पडते आणि रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल, ? निपल शॅडो’ असं येतं. अशा वेळी निपलवर धातूचा छोटा ठिपका चिकटवून पुन्हा एक्स-रे काढतात. ठिपका आणि सावली एकाच जागी पडले, तर ती सावली निपलचीच. ‘अ‍ॅब्सेंट लेफ्ट ब्रेस्ट शॅडो’ हे वाक्य डावा स्तन काढलेल्या बाईच्या रिपोर्टमध्ये येणारच. ती नवी तक्रार नव्हे.

बाळंतिणीच्या खोलीतले शब्द

‘मास्टो’ घराण्यातला बाळंतिणीला छळणारा शब्द म्हणजे मास्टायटिस. पण बाळंतपणानंतर स्तन दुखला की मास्टायटिसच झाला असं नाही. एन्गॉर्जमेंट म्हणजे दूध आणि सूज दोन्हींनी स्तन टणक होणं, ज्याला आपण छाती भरून आली म्हणतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास हे होतं, दोन्हीकडे होतं, आणि बाळ नीट प्यायलं की उतरतं. ब्लॉक्ड डक्ट म्हणजे एखाद्या नळीच्या भागात दूध तटणं. एकाच जागी दुखरी गाठ लागते, ताप बहुधा नसतो. मास्टायटिसमध्ये एका बाजूचा तुकडा लाल आणि गरम होतो, थंडी वाजून ताप येतो. तो दोन दिवसांत उतरला नाही किंवा बाईला खूपच आजारी वाटू लागलं, तर अँटिबायोटिक लागतं. अ‍ॅब्सेस म्हणजे आत पू साठून झालेलं गळू. ते सोनोग्राफीत दिसतं आणि अनेकदा सोनोग्राफीखाली सुईनेच रिकामं करता येतं. बहुतेक घरांत एक सल्ला हमखास चुकतो: मास्टायटिस झाला म्हणून त्या बाजूने पाजणं बंद करतात. त्याने दूध तटतं आणि दुखणं वाढतं. बाळाला त्या दुधाने अपाय होत नाही.

लॅच म्हणजे बाळाने तोंडात स्तन धरणं. नुसतं निपल तोंडात असेल तर भेगा पडतात. निपलभोवतीचा गडद भाग, म्हणजे अ‍ॅरिओलाही बराचसा तोंडात गेला पाहिजे. लेट-डाउन म्हणजे पान्हा फुटणं. कोलोस्ट्रम म्हणजे चीक. एक्स्प्रेस्ड मिल्क म्हणजे काढून ठेवलेलं दूध. ते साध्या खोलीत ४ तास आणि फ्रीजच्या आतल्या भागात ४ दिवस टिकतं असं सांगतात, पण तो ४ तासांचा हिशेब २५ अंशांपर्यंतच्या खोलीचा आहे. मे महिन्यात ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये एसी नसेल तर दूध काढल्या काढल्या फ्रीजमध्येच ठेवलेलं बरं, आणि तेही दारातल्या कप्प्यात नको.

गाठीचा पत्ता

आता मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट. हल्ली तो व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन येतो, डॉक्टरांची अपॉइंटमेंट तीन दिवसांनंतरची असते, आणि मधल्या तीन दिवसांत घरातला प्रत्येकजण आपापल्या इंग्रजीने तो वाचतो. धोका तिथेच आहे. रिपोर्टमधले निम्मे शब्द शाळेत शिकलेलेच असतात, पण त्यांचा अर्थ इथे बांधलेला असतो.

सुरुवात शेवटापासून करा. ‘इम्प्रेशन’ हा शेवटचा भाग म्हणजे रेडिओलॉजिस्टचं मत. वरचा लांब मजकूर म्हणजे त्याला काय काय दिसलं त्याची नोंद. वर दहा गोष्टी असतील, त्यातल्या आठ निरुपद्रवी असतात आणि इम्प्रेशनमध्ये येतही नाहीत.

एक नमुना घेऊ. ‘राइट ब्रेस्ट, अप्पर आउटर क्वाड्रंट, १० ओ’क्लॉक, ३ सेंमी फ्रॉम निपल : १४ x ९ मिमी, ओव्हल, सर्कमस्क्राइब्ड, पॅरलल, हायपोएकोइक मास. नो पोस्टेरिअर शॅडोइंग. बाय-रॅड्स ३.’

शेवटचं बाय-रॅड्स म्हणजे संशय किती ते सांगणारा आकडा, तो पुढे येतो. पहिला निम्मा भाग म्हणजे गाठीचा पत्ता. स्तनाचे चार भाग पाडतात, त्यांना क्वाड्रंट म्हणतात: वरचा बाहेरचा, वरचा आतला, खालचा बाहेरचा, खालचा आतला. बाहेरचा म्हणजे काखेकडचा. वरच्या बाहेरच्या भागात ग्रंथी सर्वांत जास्त असतात आणि त्यांचं एक शेपूट काखेत जातं, म्हणून साध्या आणि कॅन्सरच्या, दोन्ही प्रकारच्या गाठी तिथेच जास्त सापडतात. घड्याळाचे आकडे समोर बसलेल्या डॉक्टरांच्या नजरेने वाचायचे. उजव्या स्तनात १० वाजता म्हणजे वर आणि काखेकडे. डाव्या स्तनात तेच १० म्हणजे वर आणि छातीच्या मध्याकडे. त्यामुळे ‘१० वाजता’ एवढंच लक्षात ठेवून उपयोग नाही, बाजूही सांगावी लागते. आरशासमोर उभं राहून शोधलं तर घड्याळ उलटं होतं आणि ‘रिपोर्टमधली गाठ मला लागतच नाही’ असा घोळ होतो. रेट्रोअ‍ॅरिओलर किंवा सबअ‍ॅरिओलर म्हणजे निपलच्या मागे. अ‍ॅक्झिला म्हणजे काख.

दुसरा निम्मा भाग म्हणजे गाठीची चेहरेपट्टी, आणि सगळा निकाल इथे लागतो. ओव्हल म्हणजे लांबट गोल. सर्कमस्क्राइब्ड म्हणजे कड सगळीकडून स्वच्छ, रेखीव. पॅरलल म्हणजे गाठ त्वचेला समांतर पसरलेली आहे, उंचीपेक्षा रुंदी जास्त. हायपोएकोइक म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर आजूबाजूच्या चरबीपेक्षा काळसर. हा शब्द वाचून लोक उगाच हादरतात. साधा, कॅन्सर नसलेला फायब्रोअ‍ॅडेनोमाही हायपोएकोइकच दिसतो. अ‍ॅनएकोइक म्हणजे पूर्ण काळं, म्हणजे आत पाणी, म्हणजे सिस्ट. ‘मास’ म्हणजे फक्त जागा व्यापणारी वस्तू आणि ‘लीजन’ म्हणजे वेगळी दिसणारी कुठलीही जागा. या दोन्ही शब्दांत कॅन्सर दडलेला नाही.

याच वाक्यातले चार शब्द बदलून बघा: ‘इर्रेग्युलर, स्पिक्युलेटेड, नॉट पॅरलल, पोस्टेरिअर शॅडोइंग’. आकार वेडावाकडा, कडेतून काटे निघालेले, रुंदीपेक्षा उंची जास्त, मागे काळी सावली. माप तेच, १४ x ९, पण आता वर्गवारी ३ वरून ४ सी किंवा ५ वर जाते. मोठी गाठ वाईट आणि छोटी बरी, हा आपला घरगुती हिशेब रिपोर्टमध्ये चालत नाही. सर्कमस्क्राइब्ड कडेची ३ सेंटिमीटरची गाठ निवांत असू शकते आणि स्पिक्युलेटेड ८ मिलिमीटरची गाठ तातडीची.

काखेतल्या लिम्फ नोडचंही, म्हणजे शरीरात मुळातच असणाऱ्या छोट्या लसिका गाठींचंही, तसंच. ‘अ‍ॅक्झिलरी नोड्स विथ प्रिझर्व्ड फॅटी हायलम’ हे चांगलं वाक्य आहे: गाठी आहेत, पण त्यांचा मधला चरबीचा भाग शाबूत आहे. अशा गाठी बहुतेक सगळ्यांना असतात. कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचं आवरण, ३ मिलिमीटरपेक्षा जाड किंवा हायलम गायब असेल तर डॉक्टर पुढे बघतात. ‘अ‍ॅक्सेसरी ब्रेस्ट टिश्यू’ म्हणजे काखेत जन्मापासून असलेला स्तनाचा जास्तीचा तुकडा. पाळीच्या आधी आणि गरोदरपणात तो फुगतो.

बाय-रॅड्सचे आकडे

बाय-रॅड्स ही वर्गवारी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची (एसीआर). पहिली आवृत्ती १९९३ ची, आणि इथे दिलेले टक्के २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतले. आकडे ० ते ६. हे कॅन्सरच्या स्टेजचे आकडे नाहीत. बाय-रॅड्स ४ म्हणजे चौथी स्टेज असं समजून कोसळलेली घरं प्रत्येक रेडिओलॉजिस्टने पाहिलेली असतात.

० म्हणजे तपासणी अपुरी: आणखी एक व्ह्यू हवा, सोनोग्राफी हवी किंवा जुन्या फिल्म हव्यात. शून्याला ‘काही नाही’ समजून रिपोर्ट कपाटात ठेवणं ही या आकड्यांतली सर्वांत महाग चूक. १ म्हणजे काहीच नाही. २ म्हणजे काहीतरी आहे, पण ते नक्की साधं. ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी. लगेच सुई न लावता ६ महिन्यांनी पुन्हा बघायचं, आणि सहसा दोन वर्षांपर्यंत ठरावीक अंतराने बघत राहायचं. इथली गफलत वेगळी आहे. सहा महिन्यांनी काही दुखत नसतं, लग्नसराई किंवा परीक्षा असतात, आणि तारीख निघून जाते. ३ या आकड्याचा अर्थ त्या पुढच्या तारखेसकटच आहे. तारीख चुकवली तर आकड्याला अर्थ उरत नाही.

४ म्हणजे बायोप्सी करा. त्याचे तीन तुकडे आहेत: ४ ए मध्ये शक्यता २ ते १० टक्के, ४ बी मध्ये १० ते ५०, ४ सी मध्ये ५० ते ९५. म्हणजे ४ ए आलेल्या शंभर बायकांपैकी नव्वद किंवा त्याहून जास्त जणींची बायोप्सी साधी निघते. पण ती करायचीच. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त. ६ म्हणजे कॅन्सर बायोप्सीने आधीच सिद्ध झालाय आणि ही तपासणी उपचारांच्या आखणीसाठी आहे.

आकड्याशेजारी कधी ए ते डी अशी एक अक्षरी नोंद असते, ‘एसीआर टाइप सी’ अशी. तो बाय-रॅड्सचा निकाल नव्हे, ती घनता आहे. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, डी म्हणजे अतिशय दाट. ‘डेन्स ब्रेस्ट’ म्हणजे हाताला टणक लागणारा स्तन असा अर्थ नाही, घनता फक्त फिल्मवर दिसते. दाट ग्रंथी मॅमोग्राफीत पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, म्हणून सी आणि डी प्रकारात गाठ लपू शकते आणि जोडीला सोनोग्राफी सांगतात. तरुण मुलींना मॅमोग्राफी न सांगता थेट सोनोग्राफी सांगतात त्याचं एक मोठं कारण हेच. पैसे वाचवायला नव्हे.

‘कॅल्सिफिकेशन’ वाचून अनेक जणी कॅल्शियमच्या गोळ्या थांबवतात. काही गरज नाही. स्तनातल्या या पांढऱ्या कणांचा खाण्यातल्या कॅल्शियमशी संबंध नसतो. मॅक्रो म्हणजे मोठे कण, ते बहुतेक साधे. ‘पॉपकॉर्न’ कॅल्सिफिकेशन म्हणजे म्हातारा झालेला, सुकत आलेला फायब्रोअ‍ॅडेनोमा. ‘व्हॅस्क्युलर’ म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवरचं. लक्ष द्यायचं ते मायक्रोकडे, आणि त्यातही ‘क्लस्टर्ड’, ‘फाइन प्लिओमॉर्फिक’, ‘लिनिअर ब्रांचिंग’ या शब्दांकडे: बारीक, वेगवेगळ्या आकारांचे कण एका पुंजक्यात किंवा नळीच्या रेषेत बसलेले. हाताला काहीही लागत नसताना ते दिसतात. मॅमोग्राफीचं खरं मोल यातच आहे.

याच कारणाने मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत डिओडरंट आणि स्तनाखाली टाल्कम पावडर नको. त्यांतले कण फिल्मवर हुबेहूब मायक्रोकॅल्सिफिकेशनसारखे उमटतात. ठाण्याच्या दमट हवेत घामाने पावडर घडीत साठते, ती ओल्या रुमालाने पुसून मग आत जावं. पाळी चालू असलेल्या बाईने पाळी सुरू झाल्यापासून दुसऱ्या आठवड्यात तपासणी ठरवली तर दुखणं कमी होतं. प्रत्येक स्तनाचे दोन व्ह्यू: सीसी म्हणजे वरून खाली दाबून, एमएलओ म्हणजे तिरपं, काखेसकट. दाबणं काही सेकंदांचंच असतं, आणि जितकं सपाट होईल तितकं चित्र स्वच्छ आणि किरण कमी.

आणि एक वाक्य: ‘सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन’. याचा अर्थ, मला पडद्यावर दिसलं ते मी लिहिलं, आता डॉक्टरांनी हाताने तपासून जुळवून घ्यावं. हे जबाबदारी टाळण्यासाठीचं वाक्य नाही. हाताला स्पष्ट गाठ लागतेय आणि रिपोर्ट बाय-रॅड्स १ आहे, तर विषय संपत नाही. हात, चित्र आणि गरज पडली तर सुई, या तिहेरी तपासणीला ट्रिपल असेसमेंट म्हणतात. नुसत्या हाताच्या तपासणीला, म्हणजे क्लिनिकल ब्रेस्ट एक्झामिनेशनला, कमी लेखू नये. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या या तपासणीचा टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाखांवर स्त्रियांमध्ये वीस वर्षं अभ्यास केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याखालच्या वयात मात्र तेवढा फायदा दिसला नाही.

सुई, तुकडा आणि डबी

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने पेशी ओढणं. त्यात सुट्या पेशी मिळतात, मांडणी कळत नाही. म्हणून कॅन्सर नळीच्या आतच आहे की भिंत फोडून बाहेर पडलाय हे एफएनएसी सांगू शकत नाही. कोअर किंवा ट्रू-कट बायोप्सीत जाड सुईने, सहसा १४ गेजच्या, काडीसारखे तुकडे काढतात. जागा बधिर करून, त्वचेला छोटीशी चीर देऊन. स्प्रिंगचा ‘खट्’ आवाज होतो, त्याची आधी कल्पना दिलेली बरी. नंतर दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबून धरायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगायची, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती अजून घराघरांत आहे, पण त्याला आधार नाही. नुकसान होतं ते उलट्या क्रमाने: आधी कोअर बायोप्सी न करता ‘गाठ आहे ना, काढून टाकू’ म्हणून थेट ऑपरेशन, मग रिपोर्टमध्ये कॅन्सर, कडा अस्वच्छ, आणि पुन्हा टेबलावर.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तुकड्याची डबी नातेवाइकांच्याच हातात देऊन ‘लॅबला पोचवा’ म्हणतात. तेव्हा तीन गोष्टी बघा. डबीत फॉर्मॅलिन आहे ना? सलाइन किंवा नुसतं गॉझ चालत नाही. मोठा तुकडा असेल तर फॉर्मॅलिन त्याच्या दहापट आणि तुकडा पूर्ण बुडालेला हवा. डबीवर, झाकणावर नव्हे, नाव, बाजू आणि वेळ लिहिलेली हवी. तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे आणि ६ ते ७२ तास त्यात राहिला पाहिजे, तरच पुढच्या हॉर्मोन तपासण्या भरवशाच्या. शनिवारी दुपारी नुसत्या सलाइनमध्ये ठेवलेली डबी सोमवारी लॅबला पोचली, तर इस्ट्रोजेन रिसेप्टर (ईआर), म्हणजे पेशीतली हॉर्मोन पकडणारी जागा, खोटा निगेटिव्ह येऊ शकतो आणि बाईला लागू पडणारी गोळी तिला मिळतच नाही.

बायोप्सी आल्यावर ती चित्राशी ‘कन्कॉर्डंट’ म्हणजे जुळणारी की ‘डिस्कॉर्डंट’ म्हणजे न जुळणारी हे विचारा. चित्र बाय-रॅड्स ५ सांगतंय आणि तुकडा साधा आलाय, तर ते डिस्कॉर्डंट. सुई गाठीच्या शेजारी लागली असू शकते. पेढे वाटण्याआधी बायोप्सी पुन्हा.

पॉझिटिव्ह, पण कशाला?

हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे तुकड्याच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये सर्वांत फसवा शब्द पॉझिटिव्ह. ‘नोड पॉझिटिव्ह’ म्हणजे काखेतल्या गाठीत कॅन्सर पोचलाय. ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ म्हणजे कापलेल्या कडेवरच कॅन्सरच्या पेशी आहेत. या दोन्ही नकोशा गोष्टी. पण ‘ईआर पॉझिटिव्ह’, ‘पीआर पॉझिटिव्ह’ म्हणजे पेशींत इस्ट्रोजेनचे, प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर आहेत आणि गाठ हॉर्मोनवर वाढते, म्हणून टॅमॉक्सिफेनसारखी गोळी उपयोगी पडते. ही उपचारांसाठी चांगली बातमी. १ टक्का पेशी रंगल्या तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात, १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात. हर-टू म्हणजे पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन. त्यात ०, १+, २+, ३+ असे आकडे: ३+ पॉझिटिव्ह, २+ म्हणजे ठरत नाही, पुढे फिश नावाची तपासणी करायची. ती झाल्याशिवाय २+ ला होही नाही आणि नाहीही नाही. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ वाचून ‘तिन्ही निगेटिव्ह, सुटलो’ म्हणणारे भेटतात. अर्थ एवढाच की ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्ही दारांनी औषध देता येत नाही.

मार्जिन शब्दही दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो. सोनोग्राफीत मार्जिन म्हणजे गाठीची कड, ऑपरेशननंतर मार्जिन म्हणजे काढलेल्या तुकड्याची कापलेली कड. ती शाईने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बाहेर पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये गाठीवर शाई नसली की कड स्वच्छ मानतात. नळीतच असलेल्या डीसीआयएससाठी २ मिलिमीटरचं अंतर धरतात. डीसीआयएस मधलं ‘इन सिटू’ म्हणजे जागच्या जागी, नळीच्या आत. ‘इन्व्हेजिव्ह’ किंवा ‘इन्फिल्ट्रेटिंग’ म्हणजे भिंत ओलांडलेला. ओलांडला म्हणजे अंगभर पसरला असं नव्हे.

ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत रोजची. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात. तीन बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण: बेरीज ३ ते ५ असली तर ग्रेड १, ६ किंवा ७ तर ग्रेड २, ८ किंवा ९ तर ग्रेड ३. स्टेज म्हणजे आजार कुठवर गेलाय: गाठीचा आकार, काख, आणि शरीरातली बाकीची ठिकाणं. २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ टी १, २ ते ५ टी २, ५ च्या वर टी ३. ग्रेड ३ ची गाठ पहिल्या स्टेजची असू शकते. घरातल्या मोठ्यांना फोनवर ‘थर्ड आहे’ असं सांगण्याआधी थर्ड काय हे बघून घ्यावं.

ऑपरेशनची नावं सोपी आहेत. लंपेक्टॉमी किंवा बीसीएस म्हणजे स्तन राखून गाठ काढणं, नंतर सहसा रेडिएशन. एमआरएम म्हणजे पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढणं. सेंटिनल नोड बायोप्सी म्हणजे काखेतल्या पहिल्या एक-दोन राखणदार गाठी काढून तपासणं. त्या स्वच्छ असल्या तर बाकी काख हलवत नाहीत आणि हात सुजण्याचा धोका कमी राहतो.

दुसरं मत घ्यायला परळला टाटाला किंवा ठाण्याहून पनवेलच्या ट्रान्सहार्बर गाडीने खारघरला टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेकला जायचं असेल, तर नुसते रिपोर्टचे कागद पुरत नाहीत. तिथले पॅथॉलॉजिस्ट तुकडा स्वतः बघतात. त्यासाठी ‘स्लाइड्स’ म्हणजे काचपट्ट्या आणि ‘ब्लॉक’ म्हणजे मेणात बसवलेला मूळ तुकडा, दोन्ही लॅबमधून लेखी अर्ज देऊन घ्यावे लागतात. ब्लॉक उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवायचा नाही, मेण मऊ होतं. मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी जुन्यासकट घ्यायच्या, कारण दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तीच गाठ तेवढीच दिसली तर रेडिओलॉजिस्टचं मत तिथेच बदलू शकतं. फाइलच्या पहिल्या पानावर बाजू, घड्याळाचा आकडा, निपलपासूनचं अंतर, बाय-रॅड्स आणि बायोप्सीची तारीख एवढं लिहून ठेवलं की काउंटरवरच्या पहिल्या प्रश्नांची उत्तरं हाताशी असतात.